पांढरीपांडे आणि दोन गिटारी

पांढरीपांडे भेंडी व्हर्नियरनं मोजून घ्यायचे.

व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी मोजायचं पोलादी अवजार. त्याच्या दोन जबड्यांत वस्तू धरायची आणि आकडा वाचायचा. लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात हे. टाउनशिपच्या रविवारच्या बाजारात ते टोपलीसमोर उकिडवे बसायचे, एकेक भेंडी जबड्यात धरायचे, आकडा स्वतःशी पुटपुटायचे आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायचे. डावीकडची घ्यायची, उजवीकडची परत. भाजीवाला जुन्या भोपाळचा, तोंडानं फटकळ. एकदा भोपाळी हाक घालून म्हणाला, "को खां, भिंडी है ये, तोप की नली नहीं." पांढरीपांडे मान वर न करता म्हणाले, "तोप में भी यही होता है," आणि पुढची भेंडी उचलली.

इन्स्पेक्शनमध्ये होते ते. आमचा कारखाना सरकारी आणि अफाट, गोविंदपुऱ्यातले सगळे छोटे कारखाने आत घातले तरी सायकली लावायला जागा उरेल एवढा. त्यात माणसं दोनच प्रकारची. एक बनवणारी आणि एक बनवलेलं बघणारी. माल तयार झाला की पांढरीपांड्यांसमोर जायचा आणि ते त्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचे. हिरवी म्हणजे पास. लाल म्हणजे बाद. पिवळी म्हणजे थांबवून ठेवा, पुन्हा बघू. इतर इन्स्पेक्टरांच्या हिरव्या चिठ्ठ्या संपायच्या, यांच्या पिवळ्या संपायच्या.

घरीही तेच. कुकरच्या मुठीला पिवळी चिठ्ठी बांधलेली मी स्वतः बघितली आहे. छताच्या पंख्याला एक होती, पंखा लावला की तीही गरगर फिरायची. मुलीला स्थळ आलं, मुलगा नागपूरचा, बँकेत, सगळ्यांना पसंत. पांढरीपांड्यांनी त्याला कोऱ्या कागदावर तीनदा सही करायला लावली आणि तिन्ही सह्या खिडकीच्या उजेडात धरून ताडून बघितल्या. पोरगा दोन महिने पिवळ्या चिठ्ठीवर होता. शेवटी त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, परस्पर होकार कळवून टाकला. संसार उत्तम चालला. पण जावई कसा आहे असं विचारलं की पांढरीपांडे म्हणायचे, "चांगलाच आहे बुवा. पण शंका आहे."

हे त्यांचं ठरलेलं. पाऊस पडेल का, शंका आहे. बस येईल का, शंका आहे. चहा गोड झाला आहे का, तर एक घोट, डोळे बारीक, आणि शंका आहे.

आता माझं सांगतो. मी बोरकुटे, वर्धेकडचा. टाउनशिपमध्ये सगळे मिस्त्री म्हणायचे. शाळा म्हणाल तर चौथीच्या वर्गात बसलो होतो, पास झाल्याचं कुणी येऊन सांगितलं नाही. पण लाकूड मला वाचता येतं. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली. लोखंडाचा कुठलाही ओतीव भाग करायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो. तो नमुना वाळूत दाबायचा, वाळूत त्याचा साचा उमटतो, त्या साच्यात लोखंड ओतायचं. म्हणजे कारखान्यातून जे जे ओतीव बाहेर पडलं ते आधी आमच्या हातून लाकडात जन्मलं होतं. इंजिनियर लोक कागदावर रेघ मारतात. वस्तू आम्ही करतो. हे मी तोंडावर सांगितलेलं आहे, आणि चीफ इंजिनियरला सांगितलेलं आहे.

अशा माणसाचा नमुना पांढरीपांड्यांनी बाद केला. एका मोटारीच्या आवरणाचा नमुना होता, सागवानाचा, तीन आठवडे खपून केलेला. अर्धा मिलिमीटर जास्त भरतो म्हणाले. मी म्हटलं, ऑगस्ट महिना आहे, भोपाळची हवा ओली आहे, लाकूड फुगलं आहे, दिवाळीनंतर मोजा. ते म्हणाले, कागदावर ऑगस्ट लिहिलेला नाही. आणि लाल चिठ्ठी बांधली. पिवळी नाही, लाल. सगळ्या जगाला पिवळी बांधणाऱ्या माणसाला माझ्यावेळी शंका आली नाही.

तो नमुना बरोबर होता. आजही म्हणतो.

मी बोलणं बंद केलं ते नऊ वर्षं. आमची क्वार्टरं शेजारीशेजारी, मध्ये मेंदीचं कुंपण, कमरेएवढं. माझी बायको सिंधू आणि कुसुमताई त्या कुंपणावरून वाट्या द्यायच्या-घ्यायच्या. आम्ही दोघं एकाच वेळी सायकल काढायचो, एकाच गेटातून आत जायचो, आणि एकमेकांकडे बघायचो नाही. कुसुमताई गेल्या तेव्हा मी खांदा दिला, घाटावर शेवटपर्यंत थांबलो, परत येताना त्यांची सायकलही हातात धरून आणली. पण बोललो नाही. मुलगी आधीच नागपूरला गेली होती. नंतर तिकडे पांढरीपांडे एकटेच होते. सिंधू म्हणायची, अहो, आता तरी. मी म्हणायचो, नमुना बरोबर होता.

आता गिटारीचं. पांढरीपांड्यांना गिटारीचा नाद फार जुना. रेल्वे कॉलनीत रेमंड साहेब म्हणून एक निवृत्त गार्ड राहायचे. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्याकडे हे रविवारी शिकायला जायचे. काय शिकायचे म्हणाल तर जाझ. आता मला त्यातलं कळत नाही, पण कान आहेत. आपल्या गाण्यात सूर जिथं यायला हवा तिथं येतो. जाझमध्ये तो शेजारी येऊन बसतो आणि तुमच्याकडे बघत राहतो. ज्या माणसाला भेंडीत पाव मिलिमीटर चालत नाही त्याला हे कसं चालायचं, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. तोवर ते रेमंड साहेबांच्याच घरी त्यांचीच गिटार वाजवून परत यायचे. स्वतःची नव्हती. घ्यायची ठरवली की शंका यायची.

मग रेमंड साहेबांच्या मुलीनं त्यांना ऑस्ट्रेलियाला बोलावलं. त्यांच्याकडे दोन गिटारी होत्या, दोन्ही नामी. ते पांढरीपांड्यांना म्हणाले, यातली एक तू ठेव, दुसरी मी इटारसीच्या चर्चला देईन. मी महिनाअखेर जातो, त्याच्या आत सांग.

हे सगळं मला नंतर कळलं. माझ्यापुरती गोष्ट सुरू झाली ती एका संध्याकाळी. पाचचा भोंगा होऊन गेला होता, मी अंगणात रंध्याचं पातं घासत होतो. कुंपणापलीकडे व्हरांड्यात पांढरीपांडे गिटार मांडीवर आडवी घेऊन पेन्सिलीनं तिचं पोट ठोकत होते. टक, टक, टक, जिथं जागा मिळेल तिथं. आणि प्रत्येक ठोक्याला मान हलवत होते, जणू काही कळतंय.

मी पाच मिनिटं सहन केलं. मग उठलो, कुंपणाशी गेलो आणि म्हणालो, "लाकूड असं ठोकत नाहीत."

नऊ वर्षांतले माझे पहिले शब्द. पांढरीपांड्यांची पेन्सिल हातातच राहिली. म्हणाले, "मग कसं ठोकतात?"

मी कुंपणाला वळसा घालून गेलो. गिटार उचलून कानाशी धरली आणि अंगठ्याच्या पेरानं ठोकली. आणि खरं सांगतो, माझा हात तिथंच थांबला. तोवर मी गिटार म्हणजे चपट्या पोटाची, मधे गोल भोक असलेली, कॉलेजची मुलं सहलीला नेतात ती समजत होतो. हिचं पोट व्हायोलिनसारखं कमानदार, दोन्ही बाजूंना लांबट वळणदार भोकं. आणि ती कमान वाकवून आणलेली नव्हती. जाड फळीतून कोरून काढली होती. देवदाराच्या जातीचं विलायती लाकूड, रेघा अशा सरळ आणि जवळजवळ की नखानं मोजाव्यात. मधे जाड, कडेला पातळ होत गेलेलं, आणि पातळ होताना कुठंही पायरी नाही. ज्यानं कुणी ते केलं तो माझ्या जातीचा माणूस होता. तो मेला असेल, कुठल्या देशात मेला माहीत नाही, पण मी त्याला ओळखलं.

त्या संध्याकाळी मी दोन तास बसलो. लाकूड कसं वाळतं, कोरताना रंधा कुठं थांबवायचा, सगळं सांगितलं. पांढरीपांडे ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, डोळे मिटून ठेवून घ्या ही. ते म्हणाले, हो ना बुवा, वाटतं तर तसंच.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. काम संपलं होतं, उगीच कशाला जायचं?

तिसऱ्या दिवशी पांढरीपांडे स्वतः कुंपणाशी आले. हातात वेगळीच गिटार. म्हणाले, "मिस्त्री, ही पण आहे. दोघींतली एकच ठेवायची आहे. शंका आहे."

तेव्हापासून आमचा महिना सुरू झाला.

पहिली अंगानं मोठी म्हणून तिला थोरली म्हणायला लागलो, दुसरी धाकटी. धाकटी दिसायला देखणी, तपकिरी-पिवळा झळझळीत रंग, खांद्यापाशी एक बाजू कापलेली, म्हणजे हात मानेवरच्या अगदी खालच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत सहज जावा. पोटात वायर जोडायचं विजेचं यंत्र. पण पोट प्लायचं. दाबून कमान दिलेलं. मी एका नजरेत सांगितलं, थोरली. पांढरीपांडे म्हणाले, पण हिला वायर जोडता येते. मी विचारलं, तुमच्याकडे जोडायला काय आहे? काही नव्हतं. पुढे घेणार आहात? शंका आहे.

मग परीक्षा सुरू झाल्या. रोज पाचचा भोंगा झाला की हातपाय धुऊन मी पलीकडे जायचो आणि रोज नवीन परीक्षा तयार असायची. एक दिवस मला गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीखाली उभं केलं. ते व्हरांड्यात वाजवणार आणि मी ऐकू आलं की हात वर करायचा. मी टाकीखाली हात वर-खाली करत उभा आणि येणारे-जाणारे मला नमस्कार करून जातायत. एक दिवस सिंधूला पाठमोरी बसवली आणि विचारलं, वहिनी, कुठली गोड? सिंधू मेथी निवडत होती. म्हणाली, दोघीही माहेरची आठवण काढून रडतायत, आधी त्यांना गप्प करा.

एक दिवस त्यांनी कागदावर मधोमध रेघ मारून एकीकडे थोरलीचे गुण, एकीकडे धाकटीचे लिहिले. दोन्हीकडे अकरा-अकरा आले. मी थोरलीचा बारावा सांगितला. त्यांनी घाईघाईनं धाकटीचा बारावा शोधला. काय शोधला, तर तिची पेटी हलकी आहे.

स्वस्थ बसायचे नाहीत. वाजवता वाजवता उठायचे, गिटार बदलायचे, व्हरांड्यातून आत, आतून अंगणात, तुळशीपाशी थांबायचे, पुन्हा आत. खुर्ची पूर्वेला, मग पश्चिमेला. एकदा म्हणाले, संध्याकाळी थोरली चांगली वाटते पण सकाळी शंका आहे, तुम्ही सकाळी येता का? मी सकाळीही गेलो. त्यांची ती तगमग मलाही लागली. शॉपमध्ये रंधा मारताना मी थोरली-धाकटी करायला लागलो. एक दिवस फळी उलटी धरली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यातच ती पट्टीची भानगड झाली.

ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून आमच्या पॅटर्न शॉपची पट्टी मुद्दाम वाढीव असते, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दिसायला इतर पट्टीसारखीच, आकडे तेच, पण त्यातला प्रत्येक इंच जरासा मोठा. आम्ही त्या पट्टीनं नमुना करतो, म्हणजे लोखंड आकसून बरोबर मापावर येतं. माझी तसली पट्टी मी त्यांच्या व्हरांड्यात विसरलो.

आता या कमानदार गिटारीची गंमत अशी की तारा ज्यावर टेकतात ती घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानंच उभी असते, आणि ती सरकवून सूर जुळवायचा असतो. मानेच्या टोकापासून तिच्यावरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत हवं. पांढरीपांड्यांना माप घ्यायची हुक्की आली. वरचं अर्धं त्यांनी स्वतःच्या पट्टीनं मोजलं. मग ती पट्टी कुठं ठेवली ते सापडेना, म्हणून खालचं अर्धं हाताला लागली त्या पट्टीनं मोजलं. ती माझी. त्यांच्या हिशेबानं थोरलीची घोडी चुकीच्या जागी होती. त्यांनी ती सरकवून त्यांच्या मते बरोबर केली.

दोन दिवस थोरली अशी वाजली की जाझमध्येसुद्धा चाललं नसतं. मानेच्या खालच्या पट्ट्यांवर प्रत्येक सूर थकून खाली बसायचा. पांढरीपांड्यांचा चेहरा पडला. म्हणाले, हिच्यात खोट आहे मिस्त्री, मान वाकलीय. मी मान नजरेखाली घातली, सुतासारखी सरळ. घोडी बघितली, तर तिच्या पायाच्या जुन्या खुणा एक सूत पुढे दिसत होत्या. एक सूत म्हटल्यावर माझ्या डोक्यात दिवा लागला. मी विचारलं, पट्टी कुठली घेतली होती? त्यांनी आणून दाखवली.

मी हसलो. इतका हसलो की सिंधू कुंपणापाशी आली. इन्स्पेक्शनचा पांढरीपांडे, ज्यानं माझं अर्धा मिलिमीटर धरलं, तो वाढीव पट्टीनं मोजून गिटार बाद करायला निघाला होता. मी म्हटलं, साहेब, गिटार ओतायची होती का? ते आधी ओशाळले आणि मग तेही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दात बरे होते.

पण घोडी जागेवर आली आणि थोरली पुन्हा गायला लागली, तशी त्यांना नवीन शंका सुचली. म्हणाले, पावसाळ्यात काय करायचं? थोरलीचं कोरीव लाकूड आहे, ओल्या हवेत हलेल. धाकटीचं प्लाय हलत नाही.

मी तो शब्द हवेतच पकडला. "म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगतं हे कबूल?"

पांढरीपांड्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "गिटारीचं फुगतं."

महिना संपत आला. रेमंड साहेब रविवारी दुसरी गिटार न्यायला येणार होते आणि मंगळवारी विमान गाठायला त्यांची रेल्वेगाडी होती. शनिवारी संध्याकाळी मी गेलो तर व्हरांड्यात दोन्ही गिटारी दोन खुर्च्यांवर बसवलेल्या आणि पांढरीपांडे त्यांच्यामधून येरझारा घालताहेत. मला बघून म्हणाले, बरं झालं आलात, मला वाटून राहिलं की रेमंड साहेबांना अजून महिनाभर थांबवता येईल का. मी म्हटलं, त्यांचं जहाज नाही, विमान आहे. ते म्हणाले, मग चर्चला सांगता येईल का, की अजून तपासणी चालू आहे?

माझी सहनशक्ती तिथं संपली. मला राग आला तो त्यांच्या शंकेचा नाही. माझ्या शब्दाचा. मी लाकूडवाला माणूस, पहिल्या संध्याकाळी अंगठ्यानं ठोकून सांगितलं होतं की ही, आणि महिनाभर माझ्या शब्दाला पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती. मी तसं बोललो. म्हटलं, उद्या सकाळपर्यंत सांगा. नाही सांगितलं तर मी यापुढे या व्हरांड्यात पाय ठेवणार नाही. आणि माझा पाय नऊ वर्षं थांबू शकतो हे तुम्हाला माहीत आहे.

पांढरीपांडे येरझारा घालायचे थांबले. म्हणाले, "सांगितल्यावर येणार आहात का?"

मला तो प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, सांगितल्यावर यायचं काय काम? आणि घरी आलो.

रविवारी सकाळी रेमंड साहेब ऑटोनं आले. उंच, वाकलेले, डोक्याला हॅट. पांढरीपांडे घरी नव्हते, साहेबांसाठी जिलबी आणायला बाजारात गेले होते. म्हणून मी त्यांना आमच्याकडे बसवलं, सिंधूनं चहा दिला. मी माझी तक्रार सुरू केली. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की साहेब, तुमच्या शिष्याला निवड करता येत नाही, महिना झाला, एक नाही का दोन नाही.

रेमंड साहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, कोण म्हणतं? त्यानं तर पहिल्या दिवशी अर्ध्या तासात निवडली. मोठी. मला नवल वाटलं, कारण मी त्याला ओळखतो. मोठी घेऊन तो गेला, मी म्हटलं चला, काम झालं. दोन दिवसांनी परत दारात. म्हणाला, दुसरी पण द्या, महिन्यासाठी. मी विचारलं, पहिलीत काही खोट निघाली का?

"क्या बोला?" मी विचारलं.

"बोला, नहीं साहब, खोट नहीं है. पड़ोसी नौ साल बाद बोलने लगा है. पर एक गिटार एक ही शाम में खतम हो गई."

सिंधू आत जायला निघाली होती, ती दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडे सायकल वाजली. पांढरीपांडे जिलबीचा पुडा घेऊन आले होते. आम्ही तिघं त्यांच्या व्हरांड्यात गेलो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग धाकटी पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि रेमंड साहेबांच्या हातात दिली. म्हणाले, थोरली ठेवतो. शंका वगैरे काही नाही. रेमंड साहेबांनी त्यांना जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं, जिलबी खाल्ली आणि ऑटोत बसून गेले. ऑटो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं फाटकात उभे होतो. मी काही विचारलं नाही. रेमंड साहेबांनी काय सांगितलं तेही बोललो नाही. घरी आलो.

त्या दिवशी मला आधी रागच आला, लपवत नाही. महिनाभर मला टाकीखाली उभं केलं, सकाळी बोलावलं, आणि ते सगळं ठरलेलं असताना. दुपारी जेवणात लक्ष नव्हतं. दुपारनंतर पडलो तर झोप नाही. उठून अंगणात आलो, पातं घासायला घेतलं, ते आधीच धारदार होतं. कुंपणापलीकडे व्हरांड्यात दोन खुर्च्या तशाच होत्या, एकीवर थोरली, दुसरी रिकामी. मी पातं खाली ठेवलं. मला ते घाटावरून आणलेल्या सायकलीचं आठवलं. ती मी त्यांच्या भिंतीला टेकवली होती, आणि ते दारात उभे होते, आणि मी वळून माझ्या घरात आलो होतो. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर जड गेलं नसतं.

सोमवारी पाचचा भोंगा झाला. मी हातपाय धुतले. सिंधूनं विचारलं, आता कशाला, निवड झाली ना? मी सदरा घातला. कुंपणाला वळसा म्हणजे तीस-चाळीस पावलं. तेवढ्यात मी चार कारणं तयार केली. खुंटी सैल वाटते. घोडीचा पाय बघायचा आहे. पट्टी राहिली आहे. चौथं आता आठवत नाही.

पांढरीपांडे थोरली मांडीवर घेऊन बसले होते, वाजवत नव्हते. मला बघून गडबडीनं उठले. म्हणाले, "काय मिस्त्री, काही राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "बसायला आलो."

ते उभेच राहिले. मग दुसरी खुर्ची सदऱ्याच्या बाहीनं पुसली, ती पुसायची गरज नव्हती, आणि माझ्याकडे सरकवली. मी बसलो. तेही बसले. काय बोलावं हे आम्हाला दोघांनाही कळेना, कारण ठोकायला, मोजायला, ताडून बघायला काही उरलं नव्हतं. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी वाळलेले कपडे काढले, घडी केली, आत नेले.

मग त्यांनी वाजवायला घेतलं. तेच गाणं, ज्याच्यावर महिनाभर परीक्षा चालली होती. त्या महिन्यात ते चार ओळी वाजवायचे, थांबायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि गिटार बदलायचे. मला वाटायचं ते चारच ओळींचं आहे. त्या दिवशी ते थांबले नाहीत. चार ओळींनंतर ते गाणं दुसरीकडेच गेलं, तिथून अजून पुढे, मधे एकदा वाट चुकल्यासारखं झालं, मग हळूच परत आलं. दिवेलागणीची वेळ झाली होती. ते गाणं एवढं मोठं आहे, हे मला माहीतच नव्हतं.